दरमहा साडेदहा हजार भाडे, पण हाती किती?

प्रश्न : माझे यजमान जिल्हा परिषदेतून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेणे) आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून ३८ लाख रुपये गेल्या महिन्यात खात्यावर जमा झाले. निवृत्तिवेतन सुरू झाले आहे आणि घरखर्च त्यात भागतो. विजापूर रस्त्यावर आमचे स्वतःचे घर आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांच्या भिंती आणि स्लॅब झाला आहे, पुढचे काम पैशाअभावी राहिले ते राहिलेच. मुलगी पुण्यात नोकरीला आहे आणि ती आता सोलापूरला परत येईल असे वाटत नाही. भाऊजींचे, म्हणजे माझ्या दिरांचे, म्हणणे असे की पैसे बँकेत ठेवून काय होणार, भाड्याचे घर घ्या. जागा कधी तोट्यात जात नाही. त्यांनी दोन ठिकाणे दाखवली. एक जुळे सोलापूरमधील दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, किंमत ४० लाख, भाडे १०,५०० येईल म्हणतात. सोसायटीचा मेंटेनन्स महिना १,२०० आणि घरपट्टी वर्षाला ९,०००. दुसरे केगावला विद्यापीठाजवळ पाच खोल्यांची बैठी इमारत, किंमत ३६ लाख, प्रत्येक खोलीला ४,५०० भाडे, म्हणजे महिना २२,५००. ही जागा गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची, आहे आणि व्यवहार नोटरीवर होईल असे एजंट म्हणतो. मंगळवार पेठेतला एक वाडाही स्वस्तात आहे, पण त्यात दोन जुने भाडेकरू आहेत. यांतले काय घ्यावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे मत आधीच सांगते : यांतले काहीही घेऊ नये. त्याची कारणे आपल्याच आकड्यांत आहेत, म्हणून ते आकडे कागदावर मांडून पाहू. हाच कागद भाऊजींनाही दाखवता येईल.

फ्लॅटपासून सुरुवात करू. एजंट भाड्याचा हिशेब ४० लाखांवर करतो, पण आपल्या खिशातून ४० लाखच जाणार नाहीत. महापालिका हद्दीत खरेदीखतावर साधारणपणे ६ टक्के मुद्रांक शुल्क पडते. खरेदी केवळ आपल्या, म्हणजे स्त्रीच्या, नावावर केली तर निवासी जागेसाठी त्यात १ टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे शुल्क २ लाख. हे शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, हेही ध्यानात असू द्या. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. एजंटची दलाली १ टक्का धरली तर ४०,०००. वकिलाकडून सर्च रिपोर्ट आणि कागदपत्रांचा खर्च १५,०००. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य, जे महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. शिवाय जुना फ्लॅट आहे तसा कोणी भाड्याने घेत नाही. रंग, नळ, ओट्याची दुरुस्ती, गॅलरीला जाळी, पंखे यांत ९०,००० सहज जातात. बेरीज ४४ लाख होते. आपल्याजवळ ३८ आहेत, म्हणजे ६ लाखांचे कर्ज आलेच.

आता भाडे. १०,५०० गुणिले १२ म्हणजे १,२६,००० हा आकडा कागदावरचा आहे. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत जागा रिकामी राहतेच, म्हणून अकरा महिनेच धरा : १,१५,५००. त्यातून मेंटेनन्सचे वर्षाचे १४,४००. स्वतः न राहता भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, तरी १,४०० धरू. घरपट्टी ९,०००. दुरुस्तीला सरासरी १५,००० धरले आहेत, आणि हा आकडा आपल्याला फुगवलेला वाटेल. पण बोअरच्या जड पाण्याने नळ आणि गीझर लवकर खराब होतात, दर तीन-चार वर्षांनी रंग काढावा लागतो आणि एखाद्या पावसाळ्यात बाथरूमची गळती खालच्या मजल्यावर उतरली की एकाच वर्षात तीन वर्षांचे पैसे जातात. दलाली आणि भाडेकराराचा वर्षाचा वाटा ४,००० धरा. एकूण खर्च ४३,८०० झाला आणि हाती राहिले ७१,७००. ते ४४ लाखांवर वर्षाला जेमतेम १.६ टक्के पडतात. ६ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे ५१,००० जाईल. मग वर्षाअखेर २०,७०० उरतात, म्हणजे महिन्याला सतराशे-अठराशे रुपये. आणि त्यातूनही कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता जायचाच आहे.

या हिशेबात मी पाणी धरलेले नाही. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, हे आपल्याला मी सांगायला नको. पण भाड्याच्या जागेचे भाडे पुष्कळदा पाण्यावरच ठरते. ज्या इमारतीत जमिनीखालची टाकी मोठी आहे, बोअर उन्हाळ्यात टिकते आणि दोन पाण्यांमधले दिवस निभतात, तिथला भाडेकरू सहसा हलत नाही. जिथे एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावे लागतात, तिथे टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावरून सोसायटीच्या सभेत आणि मालक-भाडेकरूंत वाद होतात, आणि चांगले कुटुंब पहिला उन्हाळा संपताच दुसरीकडे जाते. तेव्हा कोणतीही जागा पाहायला गेलात तर एजंटला विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या गृहिणीला विचारा की मागच्या मे महिन्यात किती टँकर आले. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता जाऊन पाहा. पारा ४२-४३ अंशांवर गेला की वरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, आणि अशा घराला भाडे कमी मिळते.

केगावच्या खोल्यांचा आकडा अधिक मोहक आहे, कारण २२,५०० महिना म्हणजे वर्षाला २,७०,०००, आणि ३६ लाखांवर ते साडेसात टक्के दिसतात. पण विद्यार्थी बारा महिन्यांचा भाडेकरू नसतो. परीक्षा संपल्या की खोली सोडतो, किंवा सुट्टीचे भाडे देणार नाही म्हणतो, आणि नवे प्रवेश होईपर्यंत खोल्या रिकाम्या असतात. पाचही खोल्या साडेनऊ महिने भरल्या असे धरले तरी २,१३,७५० होतात, आणि पाचही भरतीलच याची खात्री नाही. त्यातून पाणी, मोटर आणि सामाईक विजेचे महिना ३,०००, झाडलोट आणि देखरेख करणाऱ्या माणसाचे महिना ३,०००, घरपट्टी १४,०००, आणि दुरुस्ती किमान ४०,०००, कारण चार मुले राहिलेल्या खोलीची वर्षाअखेरची अवस्था एका कुटुंबाच्या घरासारखी नसते. म्हणजे १,२६,००० खर्च जाऊन ८७,७५० उरतात. खरेदीचे सगळे खर्च धरून ३९ लाख गुंतवले तर हेही सव्वादोन टक्केच. शिवाय विजापूर रस्त्यावरून केगाव हे शहराचे दुसरे टोक. महिन्यातून चार-पाच फेऱ्या यजमानांना माराव्या लागतील, रात्री दहाला मोटर जळाल्याचा फोन येईल, आणि या श्रमांची किंमत वरच्या हिशेबात कुठेच आलेली नाही.

मात्र केगावच्या जागेला माझा खरा विरोध भाड्यावरून नाही. व्यवहार नोटरीवर होणार, हे एकच वाक्य नकार द्यायला पुरेसे आहे. स्थावर मिळकतीची खरेदी नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरीपुढे केलेल्या कागदाने मालकी आपल्याकडे येत नाही, पैसे मात्र जातात. गुंठेवारीतील बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नियमित झालेल्या जागेचे प्रमाणपत्र मिळते. विकणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि त्याच्या नावचा उतारा असेल तर तो नोंदणीला का कचरतो, हा साधा प्रश्न भाऊजींनी एजंटला विचारावा. अशी जागा आपल्या गळ्यात घालून कोणीतरी सुटेल. आपल्याला सुटायचे झाले तर कोणतीही बँक त्या जागेवर पुढच्या खरेदीदाराला कर्ज देणार नाही, आणि मग रोख पैसे असलेला तसाच दुसरा निवृत्त माणूस शोधावा लागेल.

वाड्याबद्दल फार लिहीत नाही. जुने भाडेकरू असलेली जागा स्वस्त असते ती त्यांच्यामुळेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार अशा संरक्षित भाड्यात वर्षाला साधारण ४ टक्केच वाढ करता येते, भाडेकरूच्या मागे त्याच्या कुटुंबालाही संरक्षण मिळते, आणि जागा रिकामी करून घ्यायची तर कायद्यात दिलेले कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. कोर्टकचेरी हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी ते वाडे घ्यावेत.

आता भाऊजींच्या मुख्य मुद्द्याकडे येते, कारण त्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. भाडे कमी असले तरी जागेची किंमत वाढते, असे ते म्हणतात. मग ती किती वाढायला हवी, तेही मोजू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि त्यानंतर बराच काळ तिथेच राहिला. दर तिमाहीला जाहीर होतो, तेव्हा खाते उघडण्याच्या दिवशी पोस्टात विचारून घ्या. एकदा खाते उघडले की पाच वर्षे तोच दर मिळतो. फ्लॅट १.६ टक्के देतो. मधला फरक किंमतवाढीने भरून निघायचा तर फ्लॅटची किंमत दरवर्षी सुमारे साडेसहा टक्क्यांनी, न थांबता, दहा वर्षे वाढली पाहिजे. म्हणजे आज ४४ लाखांना पडलेला फ्लॅट दहा वर्षांनी ८२-८३ लाखांना विकला गेला पाहिजे, आणि तेव्हा तो वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट असेल. त्या नफ्यावर सध्याच्या नियमाने साडेबारा टक्के भांडवली नफा कर लागेल, महागाईची वजावट नाही. इतके सगळे जमले तर आपण बचत योजनेच्या बरोबरीला येतो, पुढे जात नाही.

किंमत खरोखर किती वाढली, हे तपासण्याचा मार्ग आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये जुन्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचे सारांश, पाहता येतात. त्याच इमारतीतला किंवा शेजारच्या इमारतीतला एखादा फ्लॅट आठ-दहा वर्षांपूर्वी कितीला नोंदला गेला आणि अलीकडे कितीला, हे पाहा. जुन्या व्यवहारांत सगळी रक्कम कागदावर आलेली नसते हे उघड गुपित आहे, त्यामुळे तिथली वाढ प्रत्यक्षाहून जास्तच दिसेल. ती तशी दिसूनही साडेसहा टक्के भरते का, हे पाहण्यासारखे आहे.

भाऊजींनी स्वतः कधीकाळी घेतलेल्या एखाद्या प्लॉटचे उदाहरण दिले असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. सोलापुरात प्रत्येक कुटुंबात असे एक उदाहरण असते. पण प्लॉट आणि फ्लॅट या दोन निराळ्या वस्तू आहेत. किंमत वाढते ती जमिनीची. बांधकाम दरवर्षी झिजतच असते. तीन-चार मजल्यांच्या इमारतीत एका फ्लॅटच्या वाट्याला जमिनीचा लहानसा अविभक्त हिस्सा येतो, आणि ४० लाखांतला मोठा भाग आपण सिमेंट, लोखंड आणि बिल्डरच्या नफ्याला देत असतो. एजंट याच्या जोडीला विमानतळाचाही दाखला देईल. विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरून नियमित विमाने उडू लागली, हे खरे आहे आणि चांगलेच झाले. परंतु भाडेकरू विमानाने येत नाहीत, नोकरीने येतात. आपल्याकडे भाड्याने राहणारे बहुतेक लोक बदलीवर आलेले सरकारी, बँकेचे आणि रेल्वेचे कर्मचारी, रुग्णालयांतले डॉक्टर-परिचारिका आणि विद्यार्थी. यांची संख्या झपाट्याने वाढली असती तर आपली मुलगी पुण्याला गेली नसती, आणि जुळे सोलापुरात ‘भाड्याने देणे आहे’ या पाट्या इतक्या दिसल्या नसत्या. कोणत्याही रविवारी सैफुल ते आसरा चौक असा फेरफटका मारून त्या पाट्या मोजा. त्यातल्या तीन-चार नंबरांवर भाडेकरू म्हणून फोन करा आणि भाडे किती, किती दिवस जागा रिकामी आहे, ते विचारा. एजंटने सांगितलेले १०,५०० तिथे ९,००० वर येतात की नाही, ते कळेल.

बचत योजनेचीही उणी बाजू सांगायला हवी. तिचे व्याज वाढत नाही, आणि महागाई मात्र वाढते. भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवता येते असे मानले, तर आजचे १०,५०० दहा वर्षांनी १७,१०० च्या आसपास जातील. हा भाड्याचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. फक्त तुलना पूर्ण करा : बचत योजनेत ३० लाख ठेवले, जी तिची कमाल मर्यादा आहे, तर आजपासूनच महिन्याला २०,५०० पडतात. म्हणजे ४४ लाखांच्या फ्लॅटचे दहा वर्षांनंतरचे, खर्च वजा न केलेले भाडेसुद्धा ३० लाखांच्या आजच्या व्याजाला पोहोचत नाही. पैशाची अचानक गरज लागली तर योजनेतले खाते एक वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का रक्कम कापून बंद करता येते. फ्लॅटची गॅलरी तेवढी विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही.

कराचा फरक आपल्या बाबतीत फारसा पडणार नाही. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. व्याजावर तशी वजावट नाही. पण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत, भांडवली नफ्यासारखे वेगळ्या दराचे उत्पन्न सोडून, एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर भरावा लागत नाही, आणि निवृत्तिवेतन व व्याज मिळून आपण बहुधा त्या मर्यादेच्या आतच राहाल. मात्र मुद्रांक शुल्कातील सवलतीसाठी आपल्या नावाने घर आणि पैसे यजमानांचे, असे केले तर भाडे आयकरासाठी यजमानांच्याच उत्पन्नात धरले जाते. हा बारकावा सहसा कोणी सांगत नाही.

आता आपल्या पत्रातील एका ओळीकडे वळते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचा उल्लेख आपण जाता जाता केलात, पण माझ्या मते भाड्याने देण्याजोगी सर्वांत चांगली जागा आपल्याकडे आधीच आहे. तिला जमीन विकत घ्यायची नाही, मुद्रांक शुल्क नाही, दलाली नाही, सोसायटी नाही. भिंती आणि स्लॅब झालेला आहे. गिलावा, फरशी, नळ, वीज, संडास-बाथरूम, दारे-खिडक्या आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग धरून आपल्या भागातल्या मिस्त्रीकडून आणि एका इंजिनिअरकडून वेगवेगळा अंदाज घ्या. मी हिशेबासाठी साडेसात लाख धरते, आणि भाडे ६,५००. अकरा महिन्यांचे ७१,५०० होतात. त्यातून दुरुस्ती ८,०००, घरपट्टीतील वाढ ४,०००, पाण्याचा जादा खर्च ३,५०० आणि करारनाम्याचे २,००० गेले की ५४,००० उरतात. साडेसात लाखांवर हे ७.२ टक्के आहेत. बचत योजनेहून किंचित कमीच, पण हे भाडे दरवर्षी वाढणारे आहे, जागा डोळ्यांसमोर आहे, आणि पुढे उतारवयात वर एखादे ओळखीचे कुटुंब सोबतीला असणे याचे मोल वेगळे.

यात दोन गोष्टी आधी तपासा. वरच्या मजल्याला महापालिकेची बांधकाम परवानगी होती का, आणि ती नसेल किंवा तिची मुदत संपली असेल तर काय करावे लागेल, हे परवानाधारक वास्तुविशारदाला विचारा. आणि पावसाळे-उन्हाळे झेललेल्या उघड्या बांधकामात सळया गंजल्या आहेत का, स्लॅबला भेगा आहेत का, हे इंजिनिअरकडून पाहून घेतल्याशिवाय फरशीवर एक रुपयाही घालू नका. वर जाणारा जिना आपल्या घरातून जात असेल तर तो बाहेरून काढण्याचा खर्च वेगळा येईल. तो आत्ताच धरा. जिना आतून असला की भाडेकरूचीही अडचण होते आणि आपलीही. विजेचा मीटर वेगळा घ्या. पाण्याची टाकी वेगळी बसवा, कितीही सलोखा असला तरी.

भाडेकरार ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीनेच, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची केवळ परवानगी देणारा, करा आणि तो नोंदवा. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातील कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आहे. तो नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याउलट करार नोंदवलेला असेल तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील काल्पनिक १० टक्के व्याज यांच्या पाव टक्का असते. आपल्या वरच्या खोल्यांसाठी ते दोनशे रुपयांच्या घरात येईल, आणि शहरी भागात नोंदणी फी १,०००. हे काम ऑनलाइन, घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, आणि डिपॉझिट किमान तीन महिन्यांचे घ्या, तो नात्यातला असला तरी.

पैशांची वाटणी मी अशी सुचवते. २५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. त्यावर दर तिमाहीला ५१,२५० रुपये मिळतील, म्हणजे महिन्याला १७ हजारांवर. साडेसात लाख वरच्या मजल्याला, तेही इंजिनिअरचा होकार आल्यावरच. उरलेले साडेपाच लाख बँकेत मुदत ठेवींत, एक-एक लाखाच्या वेगळ्या पावत्या करून, म्हणजे गरज पडेल तेवढीच मोडता येईल. बांधकामाचा अंदाज वाढला, आणि तो वाढतोच, तर त्यातून लाखभर काढा. त्याहून अधिक नको. मुलीच्या कार्याचा खर्च व्हायचा असेल तर मजल्याचे काम थांबवून तेवढे पैसे बाजूला ठेवा, स्लॅब कुठे पळून जात नाही.

घाई एकाच बाबतीत करा. साठीच्या आत निवृत्त झालेल्या व्यक्तीला या योजनेत खाते उघडायचे तर निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडावे लागते, आणि ठेव त्या लाभांच्या रकमेपेक्षा जास्त असता कामा नये. आपला एक महिना गेला आहे. कोणता लाभ कोणत्या तारखेला जमा झाला, याचा दाखला यजमानांनी कार्यालयातून या आठवड्यातच मागून घ्यावा. आपल्याकडील कार्यालये असे दाखले किती तत्परतेने देतात, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक असेल. दाखला, आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन मुख्य टपाल कार्यालयात किंवा आपले निवृत्तिवेतन जमा होते त्या बँकेत जा. खाते यजमानांच्या नावावर, आपले नाव संयुक्त खातेदार म्हणून, आणि नामनिर्देशनाच्या रकान्यात मुलीचे नाव त्याच दिवशी भरून घ्या.